दोष नेमका कोठे?

विद्यार्थी मित्रांनो, घरातला पंखा अचानक बंद पडला तर काय होते, ते आठवून पाहा. अम्मी म्हणतात, "वीज गेली असेल." अब्बा म्हणतात, "पंखाच जळाला आहे." धाकटा भाऊ म्हणतो, "मी बटणाला हातसुद्धा लावला नाही!" प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते. पण कोणीतरी शेजारच्या खोलीतला दिवा लावून पाहतो. दिवा लागतो. म्हणजे वीज आहे. एक शंका मिटली. आता राहिले बटण, तार आणि पंखा. अशी एकेक शंका मिटवत गेलो की शेवटी दोष सापडतो.

संगणकाच्या बाबतीतही असेच आहे. आज मी तुम्हांला अशाच एका संगणकाची गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत एका मुलाची इज्जतही पणाला लागली होती.

माझा एक विद्यार्थी दहावीनंतर संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होता. एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. त्याचा चेहरा उतरला होता. "सर, ते मला चोर म्हणतात," एवढेच तो बोलला. मी त्याला पाणी दिले आणि सगळी हकिकत विचारली.

कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने आपला संगणक साफ करण्यासाठी दुकानात दिला होता. तो खास खेळांसाठी बनवलेला संगणक होता. त्यात एक नाही, दोन ग्राफिक्स कार्डे होती. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही कार्डे काढली, ब्लोअरने धूळ उडवली आणि कार्डे पुन्हा बसवली. संगणक चालूही झाला. पण घरी नेल्यावर दोन्ही कार्डे मिळून काम करेनात. तशी सोय चालू करण्याचा पर्यायच पडद्यावरून नाहीसा झाला होता. तो तरुण रागाने परत आला आणि म्हणाला, "माझं चांगलं कार्ड काढून घेतलं आणि खराब कार्ड बसवलं!"

पुढे काय झाले ते समजण्यासाठी आधी ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते समजून घेऊ.

संगणकाच्या पडद्यावर हलणारे दृश्य दिसते. खरे तर ते हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे इतक्या वेगाने येतात की आपल्या डोळ्यांना ती हलताना दिसतात. साधारण पडद्यावरील एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. त्यांचा गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. सेकंदाला अशी ६० चित्रे काढायची म्हणजे १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवायचे! हे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्या तरुणाच्या संगणकात २०१४ साली बाजारात आलेली 'जीफोर्स जीटीएक्स ९८०' ही कार्डे होती. अशा एका कार्डात हिशेब करणारी २०४८ छोटी केंद्रे असतात.

मग एवढे ताकदवान कार्ड असताना दुसरे कशाला? येथे आपण कातिबाचे उदाहरण घेऊ. कातिब म्हणजे कोण, हे तुम्हांला सांगायला नको. पूर्वी उर्दू पुस्तके छापण्याआधी कातिब ती सुंदर अक्षरात हाताने लिहीत. समजा, एक पुस्तक लवकर लिहून हवे आहे. आपण दोन कातिब बसवले. पहिल्याने १, ३, ५ ही पाने लिहायची आणि दुसऱ्याने २, ४, ६ ही पाने लिहायची. काम जवळजवळ निम्म्या वेळात होईल. दोन ग्राफिक्स कार्डे बहुधा अशीच काम करतात. एक चित्र पहिले कार्ड काढते, पुढचे चित्र दुसरे कार्ड काढते.

या उदाहरणावरून आणखी दोन गोष्टी समजतात. दोन्ही कातिबांपुढे मूळ मजकुराची पूर्ण प्रत असावी लागते. अर्धी प्रत एकाला आणि अर्धी दुसऱ्याला देऊन चालत नाही. त्याचप्रमाणे दोन्ही कार्डांच्या स्मृतीत तीच माहिती भरावी लागते. म्हणून ४ जीबी स्मृतीची दोन कार्डे अशा रीतीने जोडली तरी खेळाला ८ जीबी मिळत नाहीत, ४ जीबीच मिळतात. दुसरी गोष्ट अशी की, पाने ठरावीक अंतराने हाती आली पाहिजेत. दोन पाने एकदम आली आणि मग बराच वेळ एकही आले नाही, तर वाचणारा खोळंबतो. दोन कार्डांचा मेळ बसला नाही तर पडद्यावरील दृश्यही असेच अडखळत चालते.

ही कल्पना जुनी आहे. १९९८ साली 'थ्रीडीएफएक्स' या अमेरिकन कंपनीच्या 'व्हूडू टू' या कार्डांची जोडी लावता येत असे. तेव्हा एक कार्ड पडद्यावरील सम ओळी काढी आणि दुसरे विषम ओळी काढी. पुढे २००४ साली 'एनव्हिडिया' कंपनीने 'एसएलआय' नावाने दोन कार्डे जोडण्याची सोय आणली. २००५ साली 'एटीआय' कंपनीने 'क्रॉसफायर' नावाने तशीच सोय आणली. एसएलआयमध्ये दोन कार्डांच्या माथ्यावर एक छोटी पट्टी जोडतात. तिला ब्रिज म्हणतात.

आता आपण दुकानात जाऊ. दुसऱ्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्याबरोबर तेथे गेलो. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणत. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. तो तरुणही संगणक घेऊन आला होता. एक मित्र म्हणाला, "नवा ब्रिज लावा, ड्रायव्हर बदला, एसएमपीएसही बदलून टाका. काहीतरी लागू पडेलच!"

चाचा हसले. ते म्हणाले, "बेटा, चार औषधं एकदम दिली आणि रोगी बरा झाला, तर कोणत्या औषधानं बरा झाला ते कसं कळणार? आणि चारही औषधांचे पैसे कोण देणार? आपण एका वेळी एकच गोष्ट बदलू."

त्यांनी एक वही उघडली. प्रत्येक तपासणी आणि तिचा निकाल ते वहीत लिहू लागले.

पहिली तपासणी आरोपाची होती. प्रत्येक कार्डावर कंपनीने एक क्रमांक चिकटवलेला असतो. तसा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही कार्डावर नसतो. चाचांनी त्या तरुणाकडून खरेदीची पावती मागवली. तिच्यावर दोन्ही कार्डांचे क्रमांक लिहिलेले होते. कार्डांवरही तेच क्रमांक निघाले. कार्ड बदललेले नव्हते. माझ्या विद्यार्थ्याने सुटकेचा श्वास सोडला. पण चाचा म्हणाले, "चोरी झाली नाही, हे समजलं. दोष अजून सापडलेला नाही."

कोणत्याही तपासणीपूर्वी ते संगणक बंद करत, वायर प्लगमधून काढत आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावत. आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक भागांना इजा करू शकते. धातूला हात लावल्याने ती निघून जाते. तुम्हीही हे लक्षात ठेवा.

दुसरी तपासणी विजेची होती. या जातीचे एक कार्ड सुमारे १६५ वॅट वीज घेते. दोन कार्डांना ३३० वॅट लागतात. संगणकाचे बाकीचे भाग वेगळे. एसएमपीएस ७५० वॅटचा होता, म्हणजे वीज पुरेशी होती. प्रत्येक कार्डाला विजेचे दोन प्लग लागतात. चारही प्लग नीट बसलेले होते.

तिसरी तपासणी कार्डांची होती. चाचांनी दोन्ही कार्डे काढली. फक्त पहिले कार्ड सर्वांत वरच्या स्लॉटमध्ये बसवले आणि पंधरा मिनिटे खेळ चालवला. काही अडचण आली नाही. मग ते काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरे कार्ड बसवले. तेही उत्तम चालले. म्हणजे दोन्ही कार्डे चांगली होती. जागा तीच ठेवून फक्त कार्ड बदलल्यामुळे हा निकाल पक्का होता.

चौथी तपासणी ब्रिजची होती. दोन्ही कार्डे पूर्वीप्रमाणे बसवली आणि दुकानातला दुसरा ब्रिज लावून पाहिला. पर्याय दिसला नाही. म्हणजे ब्रिजचाही दोष नव्हता. नवा ब्रिज विकत घेतला असता तर ते पैसे वाया गेले असते.

आता काय उरले? चाचांनी कार्डांची माहिती दाखवणारा एक छोटा प्रोग्राम उघडला. पहिल्या कार्डापुढे १६ हा आकडा होता. दुसऱ्या कार्डापुढे ४ हा आकडा होता.

हे आकडे कशाचे? कार्ड आणि संगणकाचा मुख्य भाग यांच्यामध्ये माहिती ये-जा करते. त्यासाठी स्लॉटमध्ये मार्गिका असतात. रस्त्यावर जितक्या मार्गिका जास्त, तितकी वाहने एकाच वेळी जाऊ शकतात. तसेच येथेही आहे. एसएलआयसाठी प्रत्येक कार्डाला किमान ८ मार्गिका मिळाव्या लागतात. त्याहून कमी मिळाल्या तर ती सोय चालू करण्याचा पर्यायच दिसत नाही.

चाचांनी मदरबोर्डची पुस्तिका उघडली. त्या मदरबोर्डवर तीन लांब स्लॉट होते. तिघांची लांबी सारखीच होती. पण सर्वांत खालच्या स्लॉटला आतून फक्त ४ मार्गिका जोडलेल्या होत्या. वरच्या दोन स्लॉटांत कार्डे बसवली तर १६ मार्गिका ८ आणि ८ अशा वाटल्या जातात. दुसरे कार्ड मधल्या स्लॉटमध्ये असायला हवे होते. ते खालच्या स्लॉटमध्ये बसवलेले होते.

दुकानात शांतता पसरली. ते कार्ड तेथे कोणी बसवले होते, हे सर्वांना माहीत होते.

माझा विद्यार्थी हळूच पुढे आला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "दोन कार्डे फार जवळजवळ होती. वरच्या कार्डाला हवा मिळत नव्हती. ते तापू नये म्हणून मी दुसरं कार्ड खाली बसवलं. स्लॉट सारखेच दिसले. मी पुस्तिका पाहिली नाही."

त्याने दुसरे कार्ड मधल्या स्लॉटमध्ये बसवले आणि संगणक चालू केला. आकडे ८ आणि ८ असे आले. नाहीसा झालेला पर्याय पडद्यावर परत दिसू लागला.

त्या तरुणाने मान खाली घातली. तो म्हणाला, "भाई, माफ करा. मी न तपासता तुमच्यावर आळ घेतला." माझा विद्यार्थी म्हणाला, "आणि मी न तपासता कार्डाची जागा बदलली."

पण त्याची काळजी खोटी नव्हती. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीजवळ येतात आणि त्यांना गरम हवाच मिळते. तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचले की हे कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. म्हणून चाचांनी कॅबिनेटच्या बाजूला आणखी एक पंखा बसवून दिला.

मित्रांनो, आज खेळांसाठी दोन कार्डे जोडण्याची पद्धत मागे पडली आहे. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी जुळणी देणे थांबवले. २०२२ साली आलेल्या तिच्या नव्या कार्डांवर तर ब्रिज जोडण्याची जागाच ठेवलेली नाही. म्हणून जुन्या संगणकावर नवा खेळ चालवताना दुसरे कार्ड रिकामे बसलेले दिसले, तर लगेच कार्डाला दोष देऊ नका. त्या खेळाला दोन कार्डे वापरता येतात का, हे आधी पाहा. मोठे हिशेब करणाऱ्या संगणकांत मात्र अनेक कार्डे आजही एकत्र काम करतात.

यंत्रे बदलतील, त्यांची नावेही बदलतील. पण दोष शोधण्याची रीत बदलणार नाही. आधी पुस्तिका वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक निकाल लिहून ठेवा. जो भाग चांगला ठरला, तो बाजूला ठेवून पुढे चला. आणि पुरावा हाती येईपर्यंत यंत्राच्या भागाला काय किंवा माणसाला काय, दोषी ठरवू नका.

माझा तो विद्यार्थी आजही त्याच दुकानात आहे. दुरुस्तीसाठी संगणक आला की तो आधी प्रत्येक कार्डाचा क्रमांक आणि त्याची जागा वहीत लिहितो आणि ग्राहकाची सही घेतो. मगच तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.