हक्क सहाव्या वर्षी, भाषा त्याआधी

समतेचा प्रश्न आज आम्ही बीड जिल्ह्यात उभं राहून मांडणार आहोत. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली ‘समता कशाची?’ या व्याख्यानात एक मुद्दा मांडला होता. वाटा सारखा असून भागत नाही. त्या वाट्यातून माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, ते पाहावं लागतं.

आता कायदा घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची घ्यायची की विशेष, ही निवडही त्याचीच. म्हणजे हे दान नव्हे.

पण अंध मूल आणि कर्णबधिर मूल यांची गरज एक नाही. अंध लेकरू आईचं बोलणं ऐकत वाढतं. सहाव्या वर्षी त्याच्याजवळ भाषा असते. त्याला ब्रेल आणि ते शिकवणारा शिक्षक हवा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लेकराच्या घरात खुणांची भाषा कुणालाच येत नसेल, तर त्याला भाषाच मिळत नाही. आणि भाषा रुजते ती पहिल्या काही वर्षांत. त्याचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, तोवर उशीर झालेला असतो.

हे आधी कळावं म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ पासूनचा. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. पण दिवाळीच्या सुमारास आपल्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पथक गावात आणि लेकरू फडावरच्या कोपीत, असं झालं तर? मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ठीक. पण तिथं खुणांनी बोलणारं कुणी नसेल, तर कर्णबधिर मुलाला जेवण मिळेल, शिक्षण नाही. म्हणून त्याच्यासाठी निवासी विशेष शाळा ही चैन ठरत नाही.

आमचं म्हणणं एवढंच: एक तपासणी टोळ्या निघण्याआधी व्हावी, तिची नोंद कारखान्यापर्यंत मुलासोबत जावी, आणि आईबापांनाही खुणा शिकवाव्यात. आपल्या गावच्या अंगणवाडीत यंदा दिवाळीआधी एवढं विचारून बघा.