चेंडूतली हवा कुणी काढली?

गल्लीत उभ्या केलेल्या सायकलची हवा काढणारा पोरगा कोण, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते. त्याचा कान पिळला की प्रकरण मिटते. पण चेंडूतली हवा काढली की नाही, या प्रश्नावर एखादा देश दीड वर्ष भांडत बसेल, प्रकरण थेट वरिष्ठ न्यायालयात जाईल आणि घराघरांत दोन तट पडतील, असे कुणी सांगितले असते तर आपण हसलो असतो. अमेरिकेत २०१५ आणि २०१६ साली हे खरेच घडले. २०१५चा उन्हाळा मी बोस्टनजवळ लेकीकडे काढला, त्यामुळे या भांडणाचा आवाज मला घरबसल्या ऐकू आला.

तिकडचे फुटबॉल म्हणजे आपले पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा लांब फेकायचा. फेकणारा मुख्य खेळाडू तो क्वार्टरबॅक. बोस्टनकरांचा संघ न्यू इंग्लंड पॅट्रियट्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. आपल्याकडे एके काळी सचिन बाद झाला की लोक टीव्ही बंद करायचे, तसे तिथे ब्रेडीचे होते.

१८ जानेवारी २०१५ रोजी फॉक्सबरोच्या मैदानावर पॅट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा सामना झाला. जिंकणारा संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये जाणार होता. थंडी होती, पाऊसही होता. या खेळात दोन्ही संघ आपापले चेंडू आणतात आणि ज्याची चढाई त्याचा चेंडू वापरतात. २००६ साली क्वार्टरबॅकांच्याच मागणीवरून ही मुभा मिळाली, आणि मागणी करणाऱ्यांत ब्रेडीही होता. चेंडूतला दाब मात्र साडेबारा ते साडेतेरा पौंड हवा, असा नियम. चेंडू जरा मऊ असला की ओल्या, गारठलेल्या हातात नीट बसतो.

कोल्ट्सच्या लोकांनी सामन्याआधीच लीगकडे शंका कळवली होती. पहिल्या अर्धात त्यांच्या एका खेळाडूने ब्रेडीचा चेंडू अडवला आणि तो चेंडू त्यांना मऊ वाटला. मध्यंतरात पंचांनी पॅट्रियट्सचे अकरा चेंडू मोजले. अकराच्या अकरा साडेबाराच्या खाली निघाले. वेळ कमी म्हणून कोल्ट्सचे चारच मोजता आले. हवा भरून खेळ पुढे सुरू झाला. मध्यंतराला १७-७ असलेला सामना पॅट्रियट्सनी ४५-७ असा जिंकला. म्हणजे पुरेशी हवा भरलेल्या चेंडूंनी त्यांनी आणखी २८ गुण केले आणि समोरच्यांना एकही दिला नाही. दोन आठवड्यांनी सुपर बोलही त्यांनीच जिंकला. पण तोवर सगळ्या देशाच्या तोंडी एकच विषय होता.

एका घरात दोन पक्ष

आमच्या घरातली गंमत अशी, की लेक आणि जावई बोस्टनचे, तर लेकीची नणंद आणि तिचे यजमान बरीच वर्षे इंडियानापोलिसला. चार जुलैच्या सुटीला ती मंडळी आली. मागच्या अंगणात शेगडीवर कणसे भाजणे चालू होते आणि कणसांपेक्षा माणसेच जास्त तापली.

नणंदेचे यजमान हिशेबी माणूस. त्यांनी अहवालच काढला. लीगने नेमलेले वकील टेड वेल्स यांचा २४३ पानांचा अहवाल ६ मे २०१५ रोजी बाहेर आला होता. त्यात म्हटले होते, की पॅट्रियट्सच्या दोन कर्मचाऱ्यांनी जाणूनबुजून हवा कमी केल्याची शक्यता अधिक आहे आणि ब्रेडीला त्याची निदान कल्पना असल्याचीही शक्यता अधिक आहे. पंचांच्या खोलीतून चेंडू मैदानावर नेताना एक कर्मचारी वाटेत चेंडूंसकट न्हाणीघरात शिरला आणि सुमारे एक मिनीट चाळीस सेकंद आत होता, हे कॅमेऱ्यात दिसले. त्याच कर्मचाऱ्याने आधीच्या एका निरोपात स्वतःला ‘हवा काढणारा’ म्हणवून घेतले होते. यावर संघाच्या वकिलांनी खुलासा केला, की तो शब्द वजन कमी करण्याबद्दलचा विनोद होता!

‘‘भाऊजी, शक्यता अधिक म्हणजे पुरावा नव्हे,’’ जावई म्हणाला. ‘‘चार सामन्यांची बंदी, संघाला दहा लाख डॉलर दंड, नव्या खेळाडूंच्या निवडीतले दोन हक्क गेले. एवढे सगळे ‘शक्यते’वर?’’

‘‘मग दंड तुमच्या मालकांनी मुकाट्याने का मान्य केला?’’ भाऊजींनी विचारले. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी मे महिन्यात खरोखरच दंड स्वीकारला होता. जुलैअखेर ते म्हणाले की आपण लीगवर विश्वास ठेवला हेच चुकले. पण तोवर उशीर झाला होता.

भाऊजींच्या भात्यात आणखी एक बाण होता. याच संघाने २००७ साली न्यूयॉर्क जेट्सच्या प्रशिक्षकांचे इशारे कॅमेऱ्यात टिपले होते. तेव्हा प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला होता. ‘‘एकदा पकडला गेलेला दुसऱ्यांदा साव कसा?’’ हा त्यांचा सवाल. अमेरिकेतल्या निम्म्याअधिक चाहत्यांचा कल या एका वाक्यात येतो. बोस्टनबाहेर भेटलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हेच सांगे. बोस्टनमध्ये मात्र न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना वायूचे नियम तोंडपाठ झाले होते.

चेंडू फ्रीजमध्ये

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे न्यायनिवाडा माझ्याकडे आला. दहा वर्षांच्या नातवाने विचारले, ‘‘आजोबा, थंडीने हवा खरंच कमी होते?’’ मी म्हटले, हवा तेवढीच राहते, तिचा दाब कमी होतो. त्याच्याच चेंडूत साडेबारा पौंड हवा भरली आणि चेंडू रात्रभर फ्रीजमध्ये भाजीशेजारी ठेवला. सकाळी मोजला तर दीड पौंडाच्या आसपास उतरला होता. लेक म्हणाली, ‘‘बाबा, फ्रीजमध्ये दूध ठेवायला तरी जागा ठेवा!’’

हिशेब सोपा आहे. दाबमापक दाखवतो तो आकडा बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्त किती तेवढाच. खरा दाब काढायला त्यात १४.७ मिळवावे लागतात. साडेबारा अधिक १४.७ म्हणजे २७.२. खोलीत सुमारे २२ अंश सेल्सियस आणि मैदानावर ९ धरले, तर केल्व्हिनच्या मापात २९५ वरून २८२. २७.२ ला २८२ ने गुणून २९५ ने भागा, २६ येतात. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ११.३. म्हणजे कुणी बोट न लावताही सव्वा पौंड गेला! वेल्स यांच्या तज्ज्ञांनीही पॅट्रियट्सच्या चेंडूंसाठी ११.३२ ते ११.५२ असाच अंदाज दिला होता.

मग प्रत्यक्ष काय भरले? इथे खरी मेख आहे. मध्यंतरात दोन दाबमापक वापरले गेले आणि दोघांचे एकमत नव्हते. एक दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.३ ते ०.४५ जास्त दाखवत होता. त्याच्या मापाने अकरा चेंडूंची सरासरी ११.४९, म्हणजे अंदाजात चपखल. दुसऱ्याच्या मापाने ११.११, म्हणजे अंदाजापेक्षा कमी. तर सामन्याआधी मुख्य पंचांनी यातला कोणता वापरला होता? पंचांना आठवत होते की जास्त दाखवणारा. अहवालाने ठरवले की बहुधा दुसरा असावा. आणि सामन्याआधी प्रत्येक चेंडूत दाब किती होता, याची लेखी नोंदच कुणी केली नव्हती!

शिवाय गरम खोलीत आणलेला चेंडू मिनिटामिनिटाला पुन्हा तापतो. कोल्ट्सचे चेंडू नंतर मोजले गेले. त्यांच्यात हवाही मुळात थोडी जास्त, तेराच्या आसपास होती. तरीही एका दाबमापकाने त्यांच्या चारपैकी तीन चेंडू साडेबाराच्या खालीच दाखवले. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने सुरुवातीचे माप न लिहिता निष्कर्ष लिहिला असता, तर मी वही परत केली असती.

हे सगळे मी कणसे सोलता सोलता समजावून सांगितले. भाऊजींनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘‘काका, थंडीचे सगळे पटले. पण मग तो माणूस चेंडू घेऊन मोरीत कशाला गेला होता?’’

या प्रश्नाला पदार्थविज्ञानात उत्तर नाही.

कोर्टाने काय ठरवले?

२८ जुलैला लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी ब्रेडीचे अपील फेटाळले. त्याच वेळी बाहेर आले, की चौकशीच्या सुमारास ब्रेडीने आपला जुना मोबाइल नष्ट करवला होता. आपण नेहमीच असे करतो, हे त्याचे म्हणणे. जावयाचा चेहरा त्या संध्याकाळी पाहण्यासारखा झाला होता. ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली. अशा गोष्टीसाठी एवढी शिक्षा होऊ शकते, याची खेळाडूला पूर्वकल्पना नव्हती, हे त्यातले एक कारण. जावयाने पेढे आणले. २५ एप्रिल २०१६ रोजी वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने बंदी पुन्हा लागू केली. मी तेव्हा बेळगावात होतो, पण त्या दिवशी इंडियानापोलिसहून पेढ्यांचा फोटो आला. जुलैमध्ये ब्रेडीने लढा थांबवला.

सगळ्यात मजेची गोष्ट ही, की चेंडूतली हवा कुणी काढली का, हे कोणत्याच न्यायालयाने ठरवले नाही. प्रश्न एवढाच होता, की कामगार करारानुसार आयुक्तांना अशी शिक्षा देण्याचा अधिकार आहे की नाही. अखेर ‘आहे’ असे उत्तर आले. दोन्ही बाजूंचे चाहते मात्र आपापल्या घरी ‘सत्य बाहेर आले’ असेच म्हणत राहिले.

अहवाल यायच्या आधी बाजू ठरवायची आणि आल्यावर त्यातले सोयीचे पान तेवढे वाचायचे, हे आपल्या सीमाभागाला नवीन नाही. १९६७च्या महाजन अहवालावर आपल्याकडे तीन पिढ्या बोलत आहेत. पण त्यासाठी एवढ्या दूर जायलाच नको. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माईक डेनेस यांनी सचिनवर चेंडूच्या शिवणीशी छेडछाड केल्याचा ठपका ठेवला. सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि एका कसोटीची स्थगित बंदी दिली. आपल्यापैकी कुणी नियमाचे पुस्तक उघडले? सगळा देश संतापला आणि पुढची सेंच्युरियनची कसोटी तर अधिकृतही राहिली नाही. त्या महिन्यात आपण सगळे बोस्टनकरच होतो. आणि मार्च २०१८ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने सॅंडपेपर वापरला, स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नरला वर्षाची बंदी झाली, तेव्हा आपण सगळे इंडियानापोलिसकर झालो.

दोन साधी माणसे

या गदारोळात मला राहून राहून त्या दोन कर्मचाऱ्यांची आठवण येते. एक चेंडू तयार करणारा, दुसरा पंचांच्या खोलीत राबणारा. अहवाल आल्यावर संघाने दोघांनाही निलंबित केले. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांना कामावर यायची परवानगी मिळाली, पण चेंडूंच्या कामापासून दूर राहण्याच्या अटीवर. ते दोषी असोत वा नसोत, त्यांच्यासाठी कुणी सदरे छापले नाहीत. बोस्टनमध्ये ब्रेडीच्या सुटकेची मागणी करणारे सदरे मात्र दुकानोदुकानी होते.

ब्रेडीचे काही अडले नाही. बंदीचे चार सामने संपवून तो परतला आणि ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्यूस्टनच्या सुपर बोलमध्ये २८-३ अशा पिछाडीवरून त्याने अटलांटाला ३४-२८ असे हरवले. मैदानात करंडक द्यायला गुडेल उभे राहिले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. २०२३ मध्ये तो सात सुपर बोल घेऊन निवृत्त झाला. २०२४ मध्ये बेलिचिकही पॅट्रियट्समधून बाहेर पडले.

मला विचाराल तर मी अजूनही कुणालाच पूर्ण गुण देत नाही. ब्रेडीने मोबाइल सांभाळून ठेवला असता तर त्याचा शब्द वजनदार झाला असता. लीगने सामन्याआधीचे आकडे कागदावर लिहिले असते तर शिक्षेला पाया मिळाला असता. त्याच वर्षी लीगने चेंडू अधूनमधून मोजण्याची नवी पद्धत आणली, पण त्या मोजणीचे आकडे कधी जाहीर केले नाहीत. शिक्षा करणाऱ्याकडे आधी बिनचूक माप हवे, त्याची नोंद हवी आणि ती नोंद चारचौघांसमोर मांडायची तयारी हवी. खेळात असो, कचेरीत असो की घरात, हे तीन नसतील तर दोषी सुटतो किंवा निर्दोष भरडतो. आणि तो दोषी होता की निर्दोष, हे मागे राहिलेल्यांना कधीच कळत नाही.