दहावीचा इतिहास: पुस्तक पुढे, पेपर मागे

महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा 1975 मध्ये झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे इतिहासाचा तास म्हणजे सनावळ्या, तहाची कलमे आणि ‘कारणे द्या’. पुस्तके अधूनमधून बदलली, रीत तीच: धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिल फिरवायची, उत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची. विषयाला स्वतंत्र शिक्षक मिळेलच असेही नाही. हिंदीच्या बाईंचे तास कमी पडले की इतिहास त्यांच्या गळ्यात.

2017 मध्ये सातवी आणि नववीची नवी पुस्तके आली. सातवीच्या पुस्तकात मुघलांना किती जागा मिळाली यावरून वर्तमानपत्रांत रण पेटले आणि नववीच्या पुस्तकाने नेमके काय आणले, इकडे कुणाचे फारसे लक्षच गेले नाही. हे पुस्तक 1960 नंतरच्या भारताचे, म्हणजे मुलांच्या आजी-आजोबांनी अनुभवलेल्या काळाचे. त्यात 1982 चा मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप आहे. लालबाग-परळसारख्या गिरणगावातल्या वर्गात हा भाग नुसता वाचून दाखवणे म्हणजे करंटेपणा. ‘घरी विचारून या’ एवढे म्हटले, की कुणी आजोबांचे गिरणीतले ओळखपत्र आणते, कुणी बिऱ्हाड गुंडाळून कोकणात गेल्याची हकीकत सांगते. मग एखादा विचारतो, ‘सर, संप संपला कधी?’ तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, हे ऐकून वर्ग गोंधळतो. तिथून पुढे इतिहास सुरू होतो.

2018 चे दहावीचे पुस्तक त्याहून धाडसी. राजे आणि लढाया बाजूला सारून ते इतिहास लिहितात कसा, यापासून सुरुवात करते. पाश्चात्त्य विचारवंतांपैकी रांके, मार्क्स, फुको. भारतातले कल्हण, बखरी, राजवाडे, ताराबाई शिंदे. पुढे खेळ, पर्यटन, प्रसारमाध्यमे, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. यासाठी जुन्या पुस्तकातली महायुद्धे बाहेर गेली, हे मला आजही पटत नाही. तरी दिशा योग्यच होती.

माशी शिंकली ती पेपरात. राज्यशास्त्र धरून 40 गुण. रिकाम्या जागा, चुकीची जोडी, संकल्पनाचित्र, टीपा. ज्या फुकोने रूढ इतिहासलेखनावरच प्रश्नचिन्ह लावले, तो आता चार पर्यायांपैकी एक होऊन बसला. साधने तपासून पाहा, असे पुस्तक सांगते. पेपर साधनांची नावे विचारतो. मुलांनी मग बाजारातला ‘अपेक्षित’ प्रश्नसंच उघडला तर त्यांना काय दोष द्यावा? एक गुण हा एक गुणच.

जून 2025 पासून पहिलीपासून पुन्हा नवी पुस्तके येऊ लागली आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा परीक्षा मंडळाने आधी प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरवावा. पाठ्यपुस्तकात नसलेले एखादे पत्र किंवा बातमीचे कात्रण पेपरात छापावे, ते कुणी, कशासाठी लिहिले असेल ते विचारावे आणि त्याला निदान पाच गुण ठेवावेत.