लाल गोळी आणि मुंबईच्या गिरणी कामगार माता

गरोदर बाईचे नाव दवाखान्यात नोंदवले की तिच्या हातात गोळ्यांचे पाकीट येते. पहिले तीन महिने फॉलिक अ‍ॅसिडची लहान गोळी आणि चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक अ‍ॅसिड एकत्र असलेली लाल गोळी. पुढे या गोळ्यांचे काय होते, हे आपल्या वस्त्यांत कुणाला सांगायला नको. काही पोटात जातात. बऱ्याच फळीवरच्या डब्यात पडून राहतात. "गोळीने मूल काळे होते," असे कुणी शेजारीण सांगते. "मूल फार मोठे होते आणि मग सिझर करावे लागते," असे सासूबाई म्हणतात. एकदोनदा मळमळले, शौचाला काळे झाले की गोळी बंद.

ही गोष्ट आपल्याच वस्तीपुरती नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी 52 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आणि या गोळ्या पूर्ण 180 दिवस घेणाऱ्या माता होत्या अवघ्या 26 टक्के. म्हणजे चारांतल्या तिघींनी गोळ्यांचा हिशेब अर्धवटच सोडला.

म्हणून या लेखात गोळीची कुळकथा सांगायची आहे. ती सुरू होते आपल्याच मुंबईत, गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायांपासून.

परळची प्रयोगशाळा

1928 साली डॉ. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. बाळंतपणात बाया इतक्या का मरतात, याची चौकशी तेव्हा चालू होती. तिचे काम परळच्या हाफकिन संस्थेत होत असे. गरोदर स्त्रियांमधल्या एका भयंकर पंडुरोगाचा शोध घेण्याचे काम लुसीबाईंकडे आले. त्यांच्या रोगी बायांमध्ये गिरणी कामगार स्त्रिया पुष्कळ होत्या. पोटात मूल, दिवसभर काम आणि ताटात भाजी, फळ, दूध जवळजवळ नाहीच. महिने भरत येतील तसतसे या बायांचे रक्त घटत जाई. अंग सुजे, दम लागे आणि कित्येकींचा बाळंतपणात किंवा त्याआधीच अंत होई.

त्याच वर्षी, त्याच मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती रजेच्या बिलावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी व नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, तिचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढल्या वर्षी, 1929 मध्ये, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. कौन्सिलात त्या मातेच्या विश्रांतीचा प्रश्न होता आणि प्रयोगशाळेत तिच्या रक्ताचा.

लुसीबाईंनी आधी रोगजंतूंचा संशय घेतला, पण तो टिकला नाही. मग त्यांनी या बाया काय खातात ते पाहिले. तसाच निकस आहार प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिला. त्या काळी यकृताचा अर्क देऊन एका प्रकारचा पंडुरोग बरा होतो, हे कळलेले होते. पण तो अर्क महाग होता. गरिबाला परवडेल असे काही हवे होते. शेवटी त्यांनी यीस्टपासून बनणारे 'मार्माइट' नावाचे स्वस्त खाद्य देऊन पाहिले. इंग्लंडात ते पावाला लावून खातात. आजारी बायांना ते दिले तेव्हा थोड्याच दिवसांत रक्त भरून येऊ लागले. 1931 साली हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

मार्माइटमध्ये गुण कशाचा, हे मात्र तेव्हा उमगले नव्हते. ते कोडे 1941 मध्ये सुटू लागले. अमेरिकेत टेक्सास येथे शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव पडले फॉलिक अ‍ॅसिड. पुढे ते कारखान्यात तयार होऊ लागले. आज आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या गोळीत तेच आहे.

पहिले 28 दिवस

रक्त वाढवणे एवढाच या गोळीचा उपयोग नाही. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू एका नळीपासून तयार होतो. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मते किंवा त्याच्या डोक्याची कवटीच पूर्ण होत नाही.

1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एका मोठ्या प्रयोगाचा निकाल जाहीर केला. अनेक देशांतल्या 33 केंद्रांत तो झाला होता. ज्यांना आधी असे व्यंग असलेले मूल झाले होते, अशा स्त्रियांना गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले. पुन्हा तसे मूल होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटला.

आता हे गणित आपणच मांडून पाहावे. पाळी चुकली हे बाईच्या लक्षात येते, घरात बोलणे होते, दवाखान्यात नाव नोंदले जाते. तोवर ते 28 दिवस बहुधा उलटून गेलेले असतात. म्हणून मूल हवे असे ठरले की त्याआधीच ही गोळी सुरू करावी, असे डॉक्टर सांगतात. साधारण मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅमची असते. आधी व्यंग असलेले मूल झाले असेल, तर मात्रा मोठी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

पुण्याची खेडी, मुंबईच्या झोपडपट्ट्या

गोळी महत्त्वाची, तसे ताटही महत्त्वाचे. याविषयी दोन मोठी संशोधने महाराष्ट्रातच झाली आहेत.

पहिले पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, 1990 च्या दशकात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 800 गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या बाळांची मापे नोंदवली. या मातांचा रोजचा आहार 1,800 कॅलरींच्याही आत होता आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन होते 2,665 ग्रॅम. पण विशेष गोष्ट पुढेच आहे. भाकरी-भात किती खाल्ला, यावरून बाळाच्या मापात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांमुळे. ज्या माता हे पदार्थ वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे मोठी होती. आणि जास्त अंगमेहनत करणाऱ्या मातांच्या बाळांचे माप काहीसे कमी होते.

दुसरे संशोधन 2006 ते 2012 या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाले. त्याचे नाव 'सरस'. लग्न झालेल्या, मूल हवे असलेल्या 6,513 स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला रोज समोसा-भज्यासारखा पदार्थ दिला, त्यात पालेभाजी, फळ आणि दूध होते. दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा, कांदा अशा भाज्या होत्या. हे खाणे गर्भ राहण्यापूर्वीपासून बाळंतपणापर्यंत चालू ठेवले.

निकाल जसा आला तसाच सांगितला पाहिजे. सगळ्या मातांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या स्त्रियांनी गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी खाणे सुरू केले होते, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरले. अगदी हडकुळ्या स्त्रियांना मात्र लाभ झाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार एका समोशाने भरून निघत नाही. पण दुसरा फायदा मोठा ठरला. गरोदरपणात होणारा मधुमेह बटाट्याच्या गटात 12.4 टक्के तपासलेल्या स्त्रियांना झाला, तर पालेभाजीच्या गटात 7.3 टक्के.

घरात काय करावे?

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले तर रक्त कमी आहे असे समजावे. 7 च्या खाली गेले तर जिवाला धोका. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तो सोसत नाही. म्हणून दर तपासणीत आकडा विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. शिक्षण कमी असले तरी आकडा विचारायला लाजायचे कारण नाही.

लाल गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. जेवणात लिंबू पिळावे. मळमळत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्यावी. शौच काळे होणे हे लोहाचे लक्षण आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. मुलाच्या रंगाशी गोळीचा काडीचाही संबंध नाही. गोळ्या नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टरांना सांगून पुढची तपासणी करून घ्यावी. कारण ब जीवनसत्त्वाची कमतरता, जंत किंवा सिकलसेल यांचाही दोष असू शकतो.

ताटात महाग काही लागत नाही. मेथी, शेपू, चवळी, राजगिरा, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, हरभरे, शेंगदाणे, अंडे, परवडेल तेव्हा मासळी. भाजी उकळून पाणी फेकून दिले तर फॉलिक अ‍ॅसिड त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. म्हणून ती थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे जेवणाची पंगत. आपल्या घरांत अजूनही पुरुष आधी, मुले मग आणि सून शेवटी. तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा येतो, भाजी संपलेली असते. ही रीत बदलायला डॉक्टर लागत नाही. नवऱ्याने तिचे ताट आपल्याबरोबर वाढायला सांगावे. पाण्याचा हंडा आणि धुण्याची बादली आपण उचलावी. सासूबाईंनी गोळीची आठवण रोज करून द्यावी.

2017 च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणारी, बिगारी काम करणारी, कचरा वेचणारी आपली बहीण त्या रजेबाहेरच राहिली आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे 5,000 रुपये तरी तिच्या हाती पडावेत, यासाठी तिचा फॉर्म भरून देणे हे वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे. महिला मंडळांनी पुढल्या बैठकीत हा विषय घ्यावा, वस्तीतल्या गरोदर आणि नवविवाहित स्त्रियांची यादी करावी, आशाताईंना बोलवावे. आणि फळीवरच्या डब्यात पडलेल्या गोळ्यांची पाकिटे आजच खाली काढावीत.