शिकणाऱ्याचं पोट आणि अमेरिकेचा कायदा

अमेरिका म्हणजे सुबत्तेचा देश. तिथं कॉलेजात जाणारं पोर उपाशी कशाला राहील, असं आपल्याला वाटतं. पण वस्तुस्थिती निराळी आहे.

गरिबांना किराणा घेता यावा म्हणून तिथं १९६४ साली 'फूड स्टँप'चा कायदा झाला. २००८ पासून या योजनेला 'स्नॅप' म्हणतात. पूर्वी कुपनं मिळत, आता कार्ड मिळतं.

मात्र १८ ते ४९ वयाचा, कॉलेजात निदान अर्धवेळ शिकणारा विद्यार्थी गरीब असला तरी सहसा या योजनेतून वगळला जातो. का? घरून पैसे येणारी मुलं गरिबांचा वाटा घेतील, ही धास्ती! अपवाद आहेत : आठवड्याला २० तास पगारी काम करणारा, सहा वर्षांखालचं मूल सांभाळणारा, अपंगत्वामुळे काम न करू शकणारा, वगैरे. म्हणजे पोटासाठी २० तास राबा आणि उरल्या वेळात अभ्यास करा!

दुसरी अडचण अज्ञानाची. २०१६ साली सुमारे ३३ लाख विद्यार्थी पात्र ठरण्याजोगे होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी ही मदत घेतल्याचं दिसत नाही, असं तिथल्या सरकारी तपासणी खात्यानं २०१८ साली नोंदवलं. नियम विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते, कित्येक कॉलेजांनाही नव्हते.

आपल्याकडून विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यांना तर ही योजना लागूच नाही. तेव्हा पालकांनी फीबरोबर जेवणखर्चही आधीच मांडावा. आणि गुरुजनहो, सवलत कागदावर असून भागत नाही. ती विद्यार्थ्याला समजावून सांगणारं माणूस लागतं.