लिफ्ट आपोआप खाली बसते? आधी दोष ओळखा, मग खर्च करा



घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावांत काळ्या रानाची नांगरट म्हणजे ट्रॅक्टर आलाच. पलटी नांगर उचलून बांधाला उभा करावा, इंजिन बंद करावे आणि चहा पिऊन येईतो नांगर भुईला टेकलेला! मग कुणी म्हणतो, "पंप गेला." पण नवा पंप घेण्याआधी जरा थांबा.

पंपाचे काम तेल ढकलून औजार वर नेण्याचे. ते वर टिकते सिलिंडरात कोंडलेल्या तेलावर. म्हणून औजार उचलतच नसेल, तर तेलाची पातळी, फिल्टर आणि पंप पाहावा. उचलून हळूहळू खाली बसत असेल, तर कोंडलेले तेल कुठून निसटते ते शोधावे. चालू इंजिनवर लिफ्ट जरा उतरून पुन्हा चढत राहते, तोही बहुधा हाच दोष.

तेल निसटण्याच्या जागा:

१) पिस्टनची झिजलेली सील किंवा ओ-रिंग, सिलिंडरला पडलेले ओरखडे.
२) कंट्रोल व्हॉल्व्हची झीज किंवा त्यात अडकलेला कचरा.
३) नीट न बसणारा सेफ्टी व्हॉल्व्ह.
४) बाहेरचे पाइप व जोड.

परीक्षा घरीच करा. काम करून तेल गरम झाले की ट्रॅक्टर सपाट जागी लावा. औजार उचला, लिव्हर वरच ठेवून इंजिन बंद करा. लांब उभे राहून भुईपासूनची उंची पाहा, १० मिनिटांनी पुन्हा पाहा. थोडी उतरण चालते. मर्यादा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावी. काही ट्रॅक्टरांना सिलिंडरची वाट बंद करणारा आयसोलेटर व्हॉल्व्ह असतो. तो बंद केल्यावर उतरण थांबली, तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हकडे. थांबली नाही, तर सिलिंडर किंवा त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे.

ट्रॉलीच्या एकेरी जॅकचे सोपे आहे. दांड्याभोवती तेल झिरपत असेल तर सील गेली. सगळे कोरडे असूनही ट्रॉली उतरते, तर तेल व्हॉल्व्हमधून परत जाते आहे.

तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले, ते बदला. पाइप जोडताना तोंडे स्वच्छ फडक्याने पुसा. चिमूटभर मातीही व्हॉल्व्ह खराब करते.

आता सर्वांत महत्त्वाचे. उचललेल्या औजाराखाली किंवा ट्रॉलीखाली नुसत्या लिफ्टच्या भरवशावर कधीही जाऊ नका. औजार भुईवर टेकवा. ट्रॉली रिकामी करून भक्कम टेकू द्या, मगच हात घाला. बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाचे तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

सील स्वस्त असते, पंप महाग. आणि माणूस कोणत्याच दुकानात मिळत नाही.