मदरबोर्ड गेला, असं कुणी म्हटलं तर...

गेल्या दिवाळीत इंदूरला घरी पोहोचलो, तर बाबांचा चेहरा उतरलेला. त्यांचा बारा वर्षं जुना डेस्कटॉप सुरूच होत नव्हता. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. मेकॅनिक पाहून गेला होता. "बाबूजी, मदरबोर्ड गया. नया ले लो."

बाबांना पैशांची काळजी नव्हती. चार वर्षं नातेवाइकांना फोन करकरून त्यांनी घराण्याची वंशावळ त्यात टाइप केली होती. "मदरबोर्ड गेला म्हणजे तीही गेली का रे?"

नाही. हे आधी लक्षात ठेवा. आपल्या फाइल्स हार्डडिस्कवर असतात, मदरबोर्डवर नाही.

मी बी. ई. असलो, तरी माझं काम कोड लिहिण्याचं. स्क्रूड्रायव्हर क्वचितच हातात येतो. प्लग काढला, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि झाकण उघडलं. बाबा टॉर्च धरून शेजारी.

मदरबोर्ड म्हणजे सगळ्या भागांना जोडणारी मोठी पाटी. पंख्याखाली प्रोसेसर, सगळी आकडेमोड तिथे. बाजूच्या लांब खाचांत रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा. वीज गेली की ती कोरी. पॉवर सप्लायकडून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज येते. प्रोसेसरला मात्र साधारण १ व्होल्टच लागतो. तो उतरवून देण्याचं काम त्याच्याभोवतीचे छोटे भाग करतात. हार्डडिस्क आणि यूएसबीची ये-जा चिपसेट सांभाळतो. बटण दाबल्यावर पहिल्या सूचना बायोसच्या चिपमधून येतात. सगळं जागेवर आहे का ते पाहून बायोस हार्डडिस्ककडे वळतो.

कुठे जळल्याची खूण नव्हती, कपॅसिटर फुगलेला नव्हता. मग पुन्हा प्लग लावून बायोसचा पडदा उघडला. तारीख होती १ जानेवारी २०१२!

दोष तिथेच सापडला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर२०३२. प्लग बंद असतानाही घड्याळ चालतं ते त्याच्यावर. त्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ सेकंद मिळतो. बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटणही बंद करतात, त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवर. तो संपला आणि तारखेबरोबर सेटिंगही पुसलं गेलं. कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्क दोन. बायोस नवी सोडून जुन्या, रिकाम्या हार्डडिस्ककडे जाऊन विंडोज शोधत बसला होता.

बाजारातून ५० रुपयांचा सेल आणला, तारीख लावली, नव्या हार्डडिस्कचा नंबर पहिला केला. विंडोज सुरू झालं. बाबांनी आधी वंशावळ उघडली, शेवटच्या पानापर्यंत नेली आणि मग चष्मा पुसला.

मदरबोर्ड खरोखरही जातो. पण तसं कुणी म्हटलं, तर "त्यातलं नेमकं काय गेलं?" एवढं जरूर विचारा. आणि उत्तराची वाट न पाहता महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आमची वंशावळ आता पेन ड्राइव्हवर, आईच्या कपाटात आहे.